शास्त्रीय जगांत : बारीक तारेवर आयनांचा मारा

केसाच्या सुमारें सहस्रांश जाडीची तांब्याची तार सोनाराच्या हातून निघणार नाहीं. तिचा सांचा आयनांच्या, म्हणजे विद्युद्भारित अणूंच्या, झोतानें घडवितां येतो. वेगवान आयन प्लास्टिकच्या पापुद्र्यांतून आरपार गेला कीं त्याची वाट रसायनानें कोरून छिद्र करतात व त्यांत विजेच्या योगानें तांबें भरतात.

अशा तारेवर पुन्हां आयनांचाच झोत सोडला तर? धक्क्यानें अणु जागचा उडतो. मागें पोकळी राहते व तो इतर अणूंच्या दाटींत घुसतो. जाड धातूंत असे दोष सांठून तो कठीण व ठिसूळ होतो. बारीक तारेंत मात्र पृष्ठभाग जवळच असल्यामुळें पुष्कळ दोष तेथें पोहोंचून लय पावतात. परंतु मारा लांबल्यास पृष्ठभागावरील अणूच उडूं लागतात आणि तार झिजून तुटते.

दिल्ली येथें १९८४ सालीं स्थापन झालेल्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्यें आयनांच्या झोतानें पदार्थांत होणाऱ्या अशा फेरफारांचा अभ्यास चालतो. अंतराळयानांतील सूक्ष्म उपकरणांस असे आघात सोसावे लागतात. तेव्हां कोणती तार किती मारा सोसते, हें यान उडण्यापूर्वींच मोजून ठेवणें किती अगत्याचें आहे, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच.