दप्तर झाकून धर्म राखला जात नाही

घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या मंदिरातून समर्थांच्या घराण्याच्या पूजेतल्या मूर्ती चोरीला गेल्या. जालना जिल्हाच नव्हे, सारा महाराष्ट्र हळहळला. पोलिसांची पथके निघाली आणि पुढे मूर्ती सापडल्याही. देव्हारा रिकामा दिसला की चोरी कळते. धर्मसंस्थेच्या दप्तरातली चोरी उलट्या दिशेने होते. तिथे असलेले जात नाही, नसलेले येऊन बसते. म्हणून ती कुणाला दिसत नाही आणि तिची फिर्यादही होत नाही.

मठांची, देवस्थानांची, दर्ग्यांची, चर्चची जुनी कागदपत्रे तपासून घ्यावीत असे म्हटले की ठरलेले आक्षेप पुढे येतात. बनावट कागदाला भाबडी माणसेच फसतात, आमच्याकडे जाणकार आहेत, हा पहिला. तपासणी मागणारा मुळात श्रद्धेचा वैरी असतो, हा दुसरा. अडचणीचा कागद मिळाला तर तो गुपचूप घेऊन कुलपात ठेवावा, बदनामी टळते, हा तिसरा. चौथा आक्षेप विरुद्ध गोटातून येतो: एक कागद खोटा निघाला, म्हणजे यांचे सगळेच दप्तर खोटे. चारही आक्षेप चुकीचे आहेत. ते पारखायला एक प्रकरण पुरेसे आहे. ते घडले अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत, मॉर्मन चर्चच्या दारात.

मॉर्मन पंथाची स्थापना जोसेफ स्मिथने १८३० साली केली. देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्र्यांवरून आपण धर्मग्रंथ उतरवला, असे तो सांगे. पंथ अलीकडचा असल्याने त्याच्या आरंभीच्या कागदांना मोठे मोल आले. मार्क हॉफमन याच पंथात वाढलेला तरुण. १९८० मध्ये त्याने सतराव्या शतकातल्या एका बायबलच्या पानांत चिकटलेला कागद ‘शोधून’ काढला. सुवर्णपत्र्यांवरची अक्षरे स्मिथने स्वतः उतरवून घेतली, ती हीच, असा दावा होता. चर्चने तो मोबदला देऊन घेतला. मग कागदांची रीघ लागली. १९८३ च्या जानेवारीत चर्चने १५ हजार डॉलरला स्मिथचे १८२५ सालचे म्हणून एक पत्र घेतले. गुप्तधन कसे शोधावे याचा सल्ला त्यात होता. १९८४ मध्ये स्टीव्हन ख्रिस्टेन्सेन या व्यावसायिकाने ४० हजार डॉलर देऊन आणखी एक पत्र घेतले आणि पुढच्या वर्षी ते चर्चला दिले. त्या पत्रात देवदूताच्या जागी एक पांढरा सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा प्राणी होता. हे सगळे हॉफमनने घरात बसून लिहिले होते.

शेवटी त्याने नसलेलाच एक संग्रह विकायला काढला. मॅक्लेलिन या पंथ सोडून गेलेल्या जुन्या नेत्याची ती कागदपत्रे म्हणून सांगितली गेली. त्यासाठी १ लाख ८५ हजार डॉलरचे कर्ज उचलले. देण्याची वेळ आली आणि कागद तर नव्हतेच. १५ ऑक्टोबर १९८५ रोजी त्याने ठेवलेल्या बाँबने ख्रिस्टेन्सेन गेले. दुसऱ्या बाँबने कॅथी शीट्स गेल्या. त्यांचा या व्यवहाराशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी तिसरा बाँब हॉफमनच्याच गाडीत फुटला आणि तो जखमी झाला. जानेवारी १९८७ मध्ये त्याने गुन्हे कबूल केले आणि त्याला जन्मठेप झाली.

आता पहिला आक्षेप घेऊ. भाबडेच फसतात? स्मिथच्या हस्ताक्षराचे सर्वांत मोठे जाणकार डीन जेसी यांनी तो पहिला कागद स्मिथच्याच हातचा मानला होता. हॉफमनने वसाहतकाळातली एक छापील शपथ बनवली आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसला १५ लाख डॉलरला देऊ केली. तपासणीत तिथल्या तज्ज्ञांना ती खोटी ठरवणारे काही सापडले नाही. तो तुरुंगात गेल्यानंतर दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, सदबीजच्या लिलावात एमिली डिकिन्सनच्या नावावरची एक कविता विकली गेली. ती त्याचीच निघाली. युरोपातही १९८३ मध्ये हिटलरच्या तथाकथित रोजनिशींना ह्यू ट्रेव्हर-रोपर या नामांकित इतिहासकाराने आधी ग्वाही दिली होती. बनावट करणारा विद्वत्तेला चुकवत नाही, तो तिच्या आधारानेच चालतो. जाणकारांना काय सापडण्याची आशा आहे हे तो आधी वाचतो आणि नेमके तेच बनवतो. तेव्हा ‘आमच्याकडे जाणकार आहेत’ हे संरक्षण नाही. जाणकाराचे मत, शाईची तपासणी आणि कागद कुणाकडून कुणाकडे आला याची साखळी, ही तिन्ही एकत्र असतील तरच काही बोलता येते.

दुसरा आक्षेप अधिक विषारी आहे, कारण तो प्रश्न विचारणाऱ्याचे तोंडच बंद करतो. सॅलॅमँडर पत्र चर्चच्या मुळावर येणारे होते. त्यावर जाहीर शंका घेणाऱ्यांत आघाडीवर कोण होते? जेराल्ड टॅनर. चर्चवर टीका करण्यात ज्यांचे आयुष्य गेले ते गृहस्थ! हे पत्र त्यांना हातात आलेले हत्यार होते, तरी मजकूर इतर छापील लिखाणाशी संशयास्पद जुळतो हे दिसताच १९८४ मध्ये त्यांनी तसे छापून टाकले. याउलट ऑगस्ट १९८५ मध्ये चर्चचे एक ज्येष्ठ धर्मनेते डॅलिन ओक्स व्याख्यानात समजावत होते की सॅलॅमँडर म्हणजे आगीत राहणारा दिव्य जीवही असू शकतो. टीकाकार सत्याच्या बाजूने उभा होता आणि श्रद्धाळू खोट्या कागदावर भाष्य रचत होते. धर्माचे हित त्या दिवशी कुणाच्या हातात होते?

इतिहासात याहून जुना दाखलाही आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दिली, अशी एक सनद रोमच्या चर्चकडे शतकानुशतके होती. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाल्ला या पंडिताने तिची भाषा तपासली आणि त्या सम्राटाच्या काळात नसलेले शब्द दाखवून ती खोटी ठरवली. याच व्हाल्लाला पुढे पोप पाचव्या निकोलसने आपल्या चाकरीत घेतले. रोमचे चर्च बुडाले नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा आहे: गुपचूप घ्या, कुलपात ठेवा. गुप्तधनाच्या पत्राचे चर्चने तेच केले. दोन वर्षे गवगवा झाला नाही. १९८५ मध्ये वर्तमानपत्रांत कुणकुण लागली तेव्हा प्रवक्त्याने असे पत्र चर्चकडे नाही असे सांगितले. मग शब्द फिरवावा लागला आणि पत्र बाहेर काढावे लागले. पत्र खोटे होते, पण ते दडवले हे खरे होते! लोकांच्या लक्षात राहिले ते दडवणे. त्याहून मोठे नुकसान वेगळेच झाले. अडचणीचा कागद इथे बिनबोभाट खपतो हे हॉफमनला कळले. जो कागद चारचौघांत ठेवायचा नाही त्यावर दुसरा जाणकार शंका घेऊच शकत नाही, म्हणून गुप्तता हेच त्याचे भांडवल ठरले. आणि शेवटी नियतीने केलेली थट्टा पाहा. मॅक्लेलिनच्या ज्या कागदांची बतावणी करून त्याने सगळ्यांना नाचवले, त्यांतले काही खरे कागद १९०८ पासून चर्चच्याच तिजोरीत पडून होते. ते सापडले बाँबस्फोटांनंतर. आपल्या दप्तराची नीट यादी असती तर हा शेवटचा डाव उभाच राहिला नसता.

यावर चौथ्या आक्षेपाचे लोक टाळ्या पिटतील. त्यांनाही उत्तर आहे. हॉफमनचे कागद खोटे ठरले ते खऱ्या कागदांशी ताडून पाहिल्यामुळे. जॉर्ज थ्रॉकमॉर्टन आणि विल्यम फ्लिन या तपासनिसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा हॉफमनच्या शाईवर सुसरीच्या कातडीसारख्या भेगा दिसल्या. त्याच काळातल्या अस्सल कागदांवर त्या नव्हत्या. माजूफळ, हिराकस आणि डिंक घालून केलेली शाई रसायनांनी जबरदस्तीने जुनी केली की तशी तडकते. अस्सल दप्तर नसते तर खोटे पकडायला मोजपट्टीच नव्हती. सगळेच खोटे म्हणणारा आणि सगळेच खरे म्हणणारा, दोघेही वाचायचे कष्ट टाळतात.

आता आपल्या दारात येऊ. शिवराय आणि समर्थ यांची पहिली भेट केव्हा झाली, हा वाद महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुना आहे. एका पक्षाचा भर १६४९ वर, दुसऱ्याचा १६७२ वर. पहिल्या पक्षाकडे हनुमंतस्वामींची बखर आहे, पण ती समर्थांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. दुसऱ्या पक्षाकडे दिवाकर गोसाव्यांना आलेली पत्रे आहेत. या दोहोंखेरीज १६७८ ची चाफळची सनद आहे, आणि तिच्यावरची चर्चा नकलांच्या आधाराने होत आली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये औरंगाबादेत तत्कालीन राज्यपालांनी या दोघांच्या नात्याविषयी विधान केले आणि पुन्हा रण माजले. त्या रणात एक गोष्ट ठळक दिसली. जो तो आपल्या सोयीचा कागद अस्सल आणि गैरसोयीचा बनावट म्हणत होता. बहुतेकांनी दोन्ही पाहिलेले नव्हते.

यातला कुठला कागद खोटा हे ठरवण्याचा हा लेख नाही. ठरवायचे कसे, हे सांगण्याचा आहे. नक्कल आणि बनावट यांत फरक आहे. अस्सल जीर्ण झाले म्हणून मठाच्या कारकुनाने केलेली प्रत उशिराची असते, खोटी नसते. उलट जुन्या वहीतले कोरे पान काढून त्यावर आज लिहिले तर कागद जुना आणि मजकूर नवा. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके हातकागद बनत आला. ‘दौलताबादी कागद आहे’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. आपल्याकडची शाई बहुधा काजळाची, म्हणून अमेरिकेतली भेगांची खूण इथे जशीच्या तशी चालणार नाही. इथे मोडीचे वळण, शिक्का, मोर्तब, मायना आणि कालगणना पाहावी लागते. इ.स. १६७४ पूर्वीच्या पत्रात राज्याभिषेक शक दिसला, तर ते पत्र तिथेच संपले. हे काम भाषणबाजीचे नाही, रुमाल सोडून एकेक कागद वाचण्याचे आहे.

आणि ते धर्मद्रोहाचे तर मुळीच नाही. समर्थ संप्रदायाचे दप्तर गोळा करायला शंकर श्रीकृष्ण देव यांनी आयुष्य वेचले. ते समर्थभक्त होते. धुळ्याला सत्कार्योत्तेजक सभा स्थापून त्यांनी मठामठांतली बाडे मिळवली आणि डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या प्रतीवरून १९०५ मध्ये दासबोध छापला. त्यांची मते आज सगळ्यांना मान्य नाहीत. पण ती खोडता येतात, कारण त्यांनी कागद छापून समोर ठेवले. भक्ताने दप्तर उघडावे आणि विरोधकाने ते वाचावे, ही आपली स्वतःची परंपरा आहे. ती मोडली कुलूप लावणाऱ्यांनी.

म्हणून मागणी सरळ आहे. प्रत्येक देवस्थानाने, मठाने, दर्ग्याने आणि चर्चने आपल्या कागदांची यादी करावी. प्रत्येक कागदाचे छायाचित्र अभ्यासकाला मिळावे. नवा कागद देणगीने वा पैशाने घेताना तो कुणाकडून, कधी आला याची लेखी नोंद व्हावी आणि तपासणीआधी त्याचा गाजावाजा होऊ नये. जो खोटा ठरेल तो जाळू नये, ‘बनावट’ असा शेरा मारून जपावा, म्हणजे पुढचा खोटा त्याच्याशी ताडता येईल. जालना जिल्ह्यात याची सुरुवात करायला सरकारी आदेशाची गरज नाही. मोडी वाचणारा एक माणूस, एक कॅमेरा आणि विश्वस्तांचा एक ठराव पुरे.

फसणे हा कोणत्याही संस्थेचा कलंक नाही. जगातली मोठमोठी ग्रंथालये फसली आहेत. कलंक आहे तो पाहू न देण्याचा. जे विश्वस्त दप्तराची किल्ली कमरेला लावून श्रद्धेच्या रक्षणाची भाषा करतात, ते श्रद्धेचे रक्षण करत नाहीत. पुढच्या हॉफमनसाठी गिऱ्हाईक तयार ठेवतात.