नातीला कळसूबाई चढू द्या

पावसाळा ओसरला की दवाखान्यात रक्तदाब तपासून घेता घेता एखाद्या आजी किंवा आजोबा हमखास विचारतात, ‘नात शाळेतल्या मुलींबरोबर कळसूबाईला जायचे म्हणते. पाठवावी का?’ प्रकृती ठीक असेल आणि नेणारी माणसे जाणती असतील, तर जरूर पाठवा, असे मी सांगतो. त्यामागची कारणे आज मांडतो.

बारा ते सोळा या वयात मुलीचे शरीर झपाट्याने बदलते आणि त्याच सुमारास घरातून ‘जपून’, ‘तुला नाही जमायचे’ हे शब्द वाढू लागतात. ते मायेपोटीच येतात. परंतु मुलगी ते खरे मानू लागते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये असे मांडले की, ‘मला हे जमेल’ हा विश्वास सर्वाधिक बळकट होतो तो स्वतः काही करून दाखविल्याने; इतरांच्या समजावणीचा परिणाम त्यामानाने कमी.

आपल्या संगमनेरच्या शेजारी, अकोले तालुक्यात कळसूबाई आहे. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. बारी गावातून चढताना अवघड जागी लोखंडी शिड्या लागतात. त्या शिडीवरचे प्रत्येक पाऊल मुलीला स्वतःच उचलावे लागते आणि मागे घाबरलेल्या मैत्रिणीला धीरही द्यावा लागतो. दंतकथेतली कळसू हीदेखील एक तरुण मुलगीच. भांडी घासणे, केर काढणे ही कामे करणार नाही, अशी तिची अट होती. ती मोडली गेली, तेव्हा ती डोंगरावर निघून गेली. नवरात्रात तिच्या दर्शनाला आजही बायाबापड्या हा डोंगर चढतात. तुमच्यापैकीही काही जणी चढल्या असतील.

शरीराचाही लाभ मोठा आहे. हाडांची बहुतेक घडण विशीपर्यंत पूर्ण होते आणि चढण्या-उतरण्याच्या नियमित व्यायामाने ती भक्कम होते. उतारवयात हाडे ठिसूळ झाली की काय सोसावे लागते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

मात्र तयारी हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. म्हणून आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ पेक्षा कमी असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार करा. लोहाच्या गोळीबरोबर चहा देऊ नका. रक्त फारच कमी असल्यास सहल पुढे ढकला, कायमची रद्द करू नका. दम्याचा त्रास असल्यास पंप सोबत द्या. आधी तीन-चार आठवडे रोज तासभर भरभर चालण्याचा सराव करवून घ्या. मासिक पाळी हे न जाण्याचे कारण नव्हे. पॅड, वापरलेले पॅड परत आणण्यासाठी पिशवी आणि मुबलक पाणी बरोबर असले म्हणजे पुरे. फार वेदना किंवा अतिस्राव होत असेल, तर आधी दाखवून घ्या.

आयोजकांना निःसंकोच विचारा: सोबत प्रशिक्षित मार्गदर्शक आणि एखादी महिला आहे का? प्रथमोपचाराची पेटी आहे का? अंधार पडण्याआधी खाली उतरणार ना? हवा बिघडल्यास माघारी फिरणार ना? राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात व्यावसायिक आयोजकांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची तरतूद आहे. ती केली आहे का, हेही पाहा. उत्तरे टाळली गेली, तर खुशाल नकार द्या.

एक शेवटची विनंती. नात परतली की ‘कुठे लागले तर नाही ना?’ एवढे विचारून थांबू नका. ‘सर्वांत अवघड कुठे वाटले आणि मग तू काय केलेस?’ असे विचारा आणि तिचे सांगणे पुरते ऐकून घ्या. शिखर गाठता आले नसले, तरी हे जरूर विचारा. घरात तुमच्या शब्दाला मान आहे. पुढच्या वेळी आईवडील कचरले, तर तो तिच्या बाजूने खर्ची घाला.