संकर केलात, मग सांगा तरी!

गेले काही दिवस घरात दोन तट पडलेत. कारण मासे!

भाच्याने खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली आहे. कोल्हापुरात समुद्र कुठला? पाकिटातलं मीठ कालवायचं, झालं. त्यात क्लाउनफिशची जोडी, म्हणजे २००३ च्या सिनेमातला 'नेमो'. हे मासे आधी सगळे नरच असतात. दोघांना एकत्र ठेवलं की थोराड असतो तो मादी होतो. त्यामुळे जोडी जमायला वेळ लागत नाही, जात कुठलीही असो. इथली मादी ऑसेलॅरिस, नर पर्क्युला. पिल्लं विकावीत का, यावरून वाद.

संकर म्हणजे पाप, हे मला पटत नाही. पापुआ न्यू गिनीकडे ल्युकोक्रॅनोस नावाचा क्लाउनफिश आहे. १९७३ साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, पुढे कळलं की तो दोन जातींचा संकर आहे. समुद्रच करतो तर आपण कोण? शिवाय टाकीत जन्मलेला मासा म्हणजे प्रवाळातून एक कमी पकडलेला. इथपर्यंत मी भाच्याच्या बाजूने.

गोड्या पाण्यातला पॅरट फिश मात्र मला बघवत नाही. त्या संकराचं तोंडच नीट मिटत नाही. क्लाउनफिशच्या पिल्लांचं तसं नसतं, ती छान खातात-पितात.

मग अडतंय कुठे? नावाशी. ऑसेलॅरिस आपल्या अंदमानातही आहे. पर्क्युला थेट क्वीन्सलँड, न्यू गिनीकडचा. दिसायला मात्र जवळजवळ सारखे. दोघांची पिल्लं 'पर्क्युला' म्हणून विकली, त्यांची पुन्हा पिल्लं झाली, की दोन-तीन पिढ्यांत नुसतं बघून काही सांगता येत नाही. मग अस्सल वाण जपू पाहणाऱ्याने करायचं काय?

वडगावच्या जनावरांच्या बाजारात क्रॉस म्हैस अस्सल मुऱ्हा म्हणून खपवून बघा... माणूस घरी परत येतो का बघू! म्हशीची आई, आजी, दूध सगळं विचारणारे आपण, माशाला फक्त रंग विचारतो. 'स्नोफ्लेक', 'पिकासो' अशी नावं ऐकून खूश होतो. ती नावं नक्षीची, आई-बापांची नव्हेत.

भाचा म्हणतो, क्रॉस म्हटलं की दुकानदार भाव पाडतो. पाडू दे की! पिशवीवर दोन्ही नावं लिहायची, नाहीतर पिल्लं घरातच ठेवायची, असं माझं मत. बहीण म्हणते, घरात आणखी एक टाकी आली तर ती माहेरी निघून येईल.