सायलेन्सर ट्रॅकचा, रस्ता मात्र कात्रजचा

पुणे : ट्रॅकवर धावणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी नवा एक्झॉस्ट निवडताना आवाजाइतकाच कायद्याचाही विचार आवश्यक ठरतो. पुण्याहून कोइमतूर वा चेन्नईच्या ट्रॅककडे निघालेली मोटार कात्रजमार्गे जाते आणि तेथे तिला रस्त्याचेच नियम लागू होतात.

बाजारात प्रामुख्याने दोन पर्याय आहेत. पहिल्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तसाच ठेवून त्यामागील नळी व सायलेन्सर बदलतात. वजन घटते, आवाज भारदस्त होतो. शक्ती मात्र फारशी वाढत नाही. दुसऱ्यात मॅनिफोल्डपासून सर्वच बदलून कन्व्हर्टरही काढला जातो. इंजिनाला मोकळा श्वास मिळतो. पण कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू थेट हवेत मिसळतात. २०२० पासूनच्या बीएस-६ मोटारींत ऑक्सिजन सेन्सर हा बदल टिपतो आणि इंजिनाचा इशारा-दिवा लागतो.

मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार ध्वनी वा वायुप्रदूषणाची मानके मोडल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाहन परवाना तीन महिने गमवावा लागतो.

कात्रज परिसरात दाट वस्ती, रुग्णालय आणि प्राणिसंग्रहालय आहे. निवासी भागात रात्रीची ध्वनिमर्यादा अवघी ४५ डेसिबल आहे. म्हणूनच रस्त्यावरही वापरायच्या मोटारीचा कन्व्हर्टर शाबूत ठेवावा व आवाज मूळ मर्यादेत राखावा. ज्यांना संपूर्ण शर्यतीची प्रणालीच हवी, त्यांनी मोटार ट्रेलरवरून ट्रॅकवर न्यावी. ट्रेलरचा खर्च परवडत नसेल, तर तो एक्झॉस्टही परवडणारा नाही.