राजवाडा आणि त्याचे आवार

कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहावयास येणारा प्रवासी घड्याळाचा मनोरा न्याहाळतो, संग्रहालयातून फेरी मारतो आणि परततो. वास्तूभोवतीच्या मोकळ्या जमिनीची दखल तो सहसा घेत नाही. वारसासंवर्धनाविषयीची आपली चर्चाही बहुधा याच प्रवाशाच्या पावलांनी चालते.

मेजर चार्ल्स मँट याने आखलेली ही काळ्या दगडाची वास्तू १८७७ ते १८८४ या काळात उभी राहिली. ती पुरी होण्यापूर्वीच, १८८१ मध्ये, मँट निवर्तला. इंग्रजी आराखड्यावर त्याने देशी कमानी, घुमट आणि जाळ्या चढविल्या. अशी वास्तू दुरून पाहण्यासाठीच असते. समोरचे मैदान, झाडी आणि तळे काढून घेतल्यास मनोऱ्याची उंची तेवढी उरेल, डौल उरणार नाही.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९७१ मध्ये तनखे बंद झाले. लोकशाहीत ते योग्यच होते. परंतु राजवाड्यांच्या डागडुजीचा भार कोणी वाहावा, याचे उत्तर तेव्हा कोणीच दिले नाही. कोल्हापुरात १९७४ मध्ये शहाजी छत्रपती संग्रहालय सुरू झाल्याने राजवाड्याचा काही भाग लोकांसाठी खुला झाला, हे या घराण्याच्या दूरदृष्टीचे लक्षण होय. रंकाळ्याकाठच्या, १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या शालिनी पॅलेसचे पुढे हॉटेल झाले. तो व्यवसायही टिकला नाही. तिकिटाच्या वा खोल्यांच्या भाड्यावर एवढ्या वास्तूंची छपरे शाकारली जातील, ही अपेक्षाच भाबडी आहे.

अशा वेळी मालकाची नजर प्रथम आवाराकडे वळते, आणि त्यात त्याचा दोष तरी काय? जमिनीला गुंठ्याचा भाव येतो, दगडी कमानीला येत नाही. इंग्लंडमधील ब्लेनहाइम या बरोक शैलीच्या प्रासादाला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो भोवतीच्या उद्यानासह. आपल्याकडे मात्र इमारतीची नोंद एका दप्तरात आणि जमिनीची सातबाऱ्यावर.

शहराच्या विकास आराखड्यात वास्तू व आवार एकाच रेषेत घ्यावे. बांधकामाचा हक्क सोडणाऱ्या मालकास कर माफी आणि दुरुस्तीसाठी अनुदान द्यावे. त्याच्या मोबदल्यात ठरावीक दिवशी उद्यान नागरिकांस खुले असावे. अनुदानाचा बोजा सरकारला जड वाटेल. पण एकदा भूखंड पडून घरे उभी राहिली, की ती जमीन परत विकत घेण्याची ऐपत कोणत्याही महापालिकेला नसते.