संकर, संसृष्टी आणि रोजचा रस्ता

मोटारीविषयी लिहिणे हा आमचा प्रांत नव्हे. आम्ही दोघेही महाविद्यालयात भाषा शिकवतो. एक मराठी, दुसरी संस्कृत. परंतु गेले चार महिने आमच्या घरात हायब्रीड एसयूव्ही घ्यावी की नाही, हा एकच विषय चर्चेला आहे. जुनी छोटी मोटार तेरा वर्षांची झाली. आप्पांचे वय ८१, गुडघे झिजलेले आणि कान मंद. त्या बुटक्या गाडीत वाकून बसणे आता त्यांना जमत नाही, आणि बसले तरी बाहेर काढताना दोघांना हात द्यावा लागतो. नव्या गाडीसाठी भविष्य निर्वाह निधीला हात लावावा लागणार आहे. अशा वेळी माणूस जे हाती येईल ते वाचतो. आम्हीही मोटारींची पुष्कळ परीक्षणे वाचली, आणि ग्रंथपरीक्षणाचे जे दोष आपण वर्गात विद्यार्थ्यांना दाखवतो ते सारे तेथे जसेच्या तसे आढळले. प्रकाशकाचे निवेदन हेच परीक्षण म्हणून छापणे, गुणांची यादी करणे आणि वाचक कोण आहे हा प्रश्नच न विचारणे, हे ते दोष.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. ही गाडी चांगली आहे. पण ज्या कारणासाठी ती विकली जाते, ते कारण आमच्यासारख्या बहुसंख्य कुटुंबांना लागू पडत नाही. आणि ज्या कारणासाठी ती घ्यावी असे आम्हाला वाटले, त्याचा उल्लेख आम्ही वाचलेल्या परीक्षणांत जवळजवळ नाही.

प्रथम शब्दाविषयी. मराठी माणसाला ‘हायब्रीड’ हा शब्द मोटारीने शिकवलेला नाही, तो ज्वारीने शिकवला. सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण १९६४ साली आले आणि पुढच्या दशकात हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. उत्पन्न वाढले, पण भाकरीला चव नाही अशी तक्रारही त्याच्याबरोबरच आली. पुढे तर ‘हायब्रीड’ म्हणजे दिसायला भरगच्च पण आतून पोकळ, असा लाक्षणिक अर्थ बोलीत रूढ झाला. गाडीचे नाव ऐकताच आप्पा म्हणाले, “म्हणजे गावरान नव्हे!” हा अर्थ त्यांच्या पिढीच्या जिभेवरचा आहे.

मोटारीच्या संदर्भात मात्र आम्हाला अधिक उपयोगी वाटली ती संस्कृत काव्यशास्त्रातील एक जुनी विभागणी. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या दहाव्या उल्लासात एकाहून अधिक अलंकार एकत्र येण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत: संसृष्टी आणि संकर. परंपरेने त्यांचे दृष्टान्तही ठरलेले आहेत. संसृष्टीत अलंकार तीळ-तांदळासारखे मिसळतात, म्हणजे एकत्र असूनही निवडून वेगळे काढता येतात. संकरात ते दूध-पाण्यासारखे एकजीव होतात. बाजारात ‘हायब्रीड’ या एकाच नावाखाली या दोन्ही वस्तू विकल्या जातात. ‘माइल्ड हायब्रीड’ ही संसृष्टी आहे. तीत एक लहान मोटर-जनित्र इंजिनाला थोडा हातभार लावते, सिग्नलवर थांबलेले इंजिन पुन्हा सुरू करते. पण ती एकटी गाडी चालवू शकत नाही. ती काढून टाकली तरी गाडी जवळजवळ तशीच धावेल. ‘स्ट्राँग हायब्रीड’ हा खरा संकर. त्यात पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर ग्रहमालेसारख्या रचनेच्या दंतचक्रांनी जोडलेली असतात. केव्हा इंजिन, केव्हा मोटर, केव्हा दोन्ही चाकांना फिरवतात आणि चालकाला सांधा जाणवत नाही. खरेदीदाराने विचारावयाचा पहिला प्रश्न हाच: हा संकर की संसृष्टी? आम्ही ज्या दालनात गेलो तेथे हा भेद आम्हाला कोणी आपणहून सांगितला नाही.

ही कल्पना नवी आहे असेही नाही. फर्डिनंड पोर्श यांनी १९०० साली पेट्रोल इंजिनाने वीज निर्माण करून चाकांतील मोटरी फिरवणारी गाडी बनवली होती. मोठ्या प्रमाणावर बनवलेली पहिली हायब्रीड, टोयोटाची प्रियस, जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आली. भारतात मध्यम आकाराच्या एसयूव्हीत हे तंत्र २०२२ साली टोयोटाच्या अर्बन क्रूझर हायरायडर आणि मारुती सुझुकीच्या ग्रँड विटारा या जुळ्या गाड्यांनी आणले. १४९० घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, दोन्ही मिळून सुमारे ११५ अश्वशक्ती आणि पाऊण युनिट वीज मावेल एवढीच लहान बॅटरी, असा त्यांचा संसार आहे.

बॅटरीचा हा लहानपणा लक्षात ठेवावा, कारण जाहिरातीची भाषा तो विसरायला लावते. आम्हाला दालनात पहिले वाक्य ऐकवले गेले ते असे: “सर, ही गाडी स्वतःच चार्ज होते.” व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे, अर्थदृष्ट्या नाही. या गाडीला बाहेरून वीज देताच येत नाही. तिच्यातील विजेचा प्रत्येक कण शेवटी पेट्रोलातूनच येतो. ब्रेक दाबल्यावर परत मिळते ती ऊर्जाही आधी पेट्रोल जाळूनच मिळवलेली असते. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने जानेवारी २०२० मध्ये टोयोटाच्या ‘सेल्फ-चार्जिंग’ जाहिरातीस दिशाभूल करणारी ठरवून मनाई केली, ती याच कारणाने. वर्गात आम्ही कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवतो. कर्ता लपवून वाक्य कसे गोड करता येते याचे एवढे चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात नाही.

दुसरे वाक्य असते मायलेजचे. वर उल्लेखिलेल्या जुळ्या गाड्यांच्या हायब्रीड आवृत्तीचा प्रमाणित आकडा आहे लिटरला २७.९७ किलोमीटर. असे आकडे जेथे निघतात त्यांपैकी एक संस्था, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, आमच्या घरापासून दूर नाही; पुण्यात वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे कित्येकजण त्या बाजूच्या टेकडीला याच नावाने ओळखतात. पण टेकडीखालचा रस्ता निराळा आणि चाचणी निराळी. चाचणीत गाडी प्रयोगशाळेतील रुळांवर, आधी ठरलेल्या वेगक्रमाने चालते. त्यात ताशी ९० किलोमीटरच्या वर वेग जात नाही. हा आकडा खोटा नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगीच आहे. तो आपल्या रस्त्याचे भाकीत मात्र नव्हे. छंदाच्या लक्षणावरून कवितेची उंची सांगावी तसा हा प्रकार होईल.

आता हिशोब. साधी पेट्रोल आणि हायब्रीड यांच्या किमतीतील फरक समजा अडीच लाख रुपये. शहरी गर्दीत साधी गाडी लिटरला १२ आणि हायब्रीड २० किलोमीटर जाते असे धरू. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरू. आम्ही वर्षाला फार तर दहा हजार किलोमीटर चालवतो. म्हणजे साध्या गाडीला ८३३ लिटर, हायब्रीडला ५०० लिटर; बचत ३३३ लिटरची, अर्थात सुमारे तेहतीस हजार रुपयांची. अडीच लाख वसूल व्हायला साडेसात वर्षे लागतील, आणि त्यात अडीच लाखांवरील व्याज धरलेले नाही. वर्षाला वीस हजार किलोमीटर चालवणाऱ्याला हीच रक्कम पावणेचार वर्षांत परत मिळते. तेव्हा हायब्रीडने पैसे वाचतात हे विधान खरे आहे, पण कोणाचे, हे सांगितल्याशिवाय ते अपुरे आहे. सकाळ-संध्याकाळ शहर ओलांडणाऱ्याचे वाचतात. आठवड्यातून चार दिवस महाविद्यालयात आणि एक दिवस मंडईत जाणाऱ्याचे नाही.

येथे शासनाचाही वाटा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रीड गाड्यांवर वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे. त्याआधी उपकरासह तो ४३ टक्के होता. विजेवर चालणाऱ्या गाडीवर मात्र ५ टक्के. हायब्रीड शेवटी पेट्रोलच जाळते हे खरे. पण शहराच्या गर्दीत ती ते पुष्कळ कमी जाळते हेही खरे. तिच्यावर त्याच आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीइतकाच कर लावणे म्हणजे उत्तरपत्रिका न तपासता सर्वांना सारखे गुण देणे होय.

इतके झाल्यावर हायब्रीडचा विषय आम्ही मिटवणारच होतो. परंतु नात्यातील एका कुटुंबाने आपली अशीच गाडी दोन दिवस आम्हाला दिली. ती कोणत्या कंपनीची, हे येथे महत्त्वाचे नाही. आप्पांना घेऊन आम्ही कोथरूडहून शिवाजीनगरला निघालो. आसन उंच असल्याने ते कोणाचाही हात न घेता बसले. कर्वे रस्त्यावर नेहमीची कोंडी होती. गाडी मुंगीच्या पावलाने, केवळ विजेवर सरकत होती. सिग्नलला ती थांबली तेव्हा आप्पांनी विचारले, “बंद पडली का रे?” नाही, म्हटल्यावर ते काही वेळ बाहेर पाहत बसले. मग मागच्या आसनावर आमचे आपसांत जे बोलणे चालले होते त्यातल्या एका वाक्याला त्यांनी उत्तर दिले.

जुन्या गाडीत हे कधी घडत नसे. इंजिनाची घरघर त्यांच्या श्रवणयंत्रात शिरते आणि माणसांचे शब्द तिच्यात बुडतात. म्हणून प्रवासात ते गप्प असत, आणि आम्ही ते थकव्यामुळे असे समजत आलो होतो. त्या दिवशी संचेती चौकापर्यंत ते बोलत होते. कर्वे रस्त्यावरून सायकलने नोकरीला जात असत त्या दिवसांविषयी, आणि मध्येच आमच्या बोलण्यातील एक चुकीचा शब्द दुरुस्त करीत.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम खंडाळ्याचा घाट उतरून चढलो. उतरताना बॅटरी थोड्याच वेळात भरून गेली. हे अपेक्षितच होते: माणसांसह सोळाशे किलोची गाडी साडेपाचशे मीटर खाली येते तेव्हा कागदावर सुमारे अडीच युनिट ऊर्जा मोकळी होते, तिच्यातील काही घर्षणात आणि वाऱ्यात गेली तरी उरलेली पाऊण युनिटाच्या भांड्यात कशी मावणार? चढताना ते भांडे लवकर रिकामे झाले. मग इंजिन एकाच चढ्या सुरात घुमू लागले, कारण या रचनेत इंजिनाचा आवाज गाडीच्या वेगाशी बांधलेला नसतो. वेग तोच असताना सूर मात्र वर जातो. आप्पा पुन्हा गप्प झाले. द्रुतगती मार्गावर एकसारख्या वेगाने जातानाही बचतीचा फायदा शहराच्या मानाने उणावतो, कारण ब्रेक लागतच नाहीत, तर परत मिळवायचे काय? ही गाडी कोंडीची आहे. मोकळ्या रस्त्याची नव्हे.

एसयूव्ही या रूपाविषयीही दोन शब्द. डोंगर-दऱ्या ओलांडण्याचा जो आव या गाड्यांच्या चेहऱ्यावर असतो तो बहुतांशी वेशभूषा आहे. त्या जुळ्या गाड्यांची हायब्रीड आवृत्ती पुढच्या दोन चाकांनीच ओढली जाते. शिवाय बॅटरीने मागची जागा खाल्ली आहे: ग्रँड विटाराच्या माइल्ड आवृत्तीत सामानाची जागा ३७३ लिटर, तर स्ट्राँग आवृत्तीत २६५ लिटर. गणपतीला कोकणात जाऊन परत येताना नारळांचे पोते, तांदूळ आणि आप्पांची घडीची खुर्ची यांपैकी एक काहीतरी मागे ठेवावे लागेल. ‘कौटुंबिक’ म्हणवणाऱ्या गाडीचे हे व्यंग लहान नाही. उंच आसन आणि खड्ड्यांतून जाणारे पोट, एवढेच या रूपाचे खरे दोन गुण. पुण्याच्या रस्त्यांवर ते दोन्ही लागतात हे मात्र मान्य केले पाहिजे.

तर मूल्यमापन काय? रोज गर्दीत पुष्कळ चालवणाऱ्याने स्ट्राँग हायब्रीड निःशंकपणे घ्यावी. महामार्गावर जगणाऱ्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. ज्याच्या इमारतीत चार्जिंगची सोय आहे आणि ज्याचे फिरणे शहरापुरते आहे त्याने आधी विजेच्या गाडीचा विचार करावा. ती याहूनही शांत असते. आमच्या सोसायटीने ती सोय अद्याप मंजूर केलेली नाही, म्हणून तो मार्ग आम्हाला तूर्त बंद आहे.

आम्ही गाडी नोंदवली आहे. इंधन वाचेल म्हणून नव्हे. आमचा हिशोब वर दिला आहे आणि तो आमच्या विरुद्ध जातो. शहरातील अर्ध्या तासाच्या प्रवासात घरातील एक माणूस पुन्हा संभाषणात येतो, याची किंमत अडीच लाख आहे का, हे कोणत्याही तक्त्यावरून ठरणारे नाही. ते आम्हाला ठरवावे लागले. निधीतून पैसे काढण्याच्या अर्जात कारणासाठी एक रकाना होता. तेथे आम्ही ‘वाहन खरेदी’ एवढेच लिहिले. घरच्या वहीत मात्र ती रक्कम इंधनबचतीच्या सदरात न मांडता आप्पांच्या औषधपाण्याच्या सदरात मांडली आहे.