बँडबाहेरचा कान

मेटालिका हा अमेरिकी बँड १९९० मध्ये नवा अल्बम करायला बसला, तेव्हा निर्माता बॉब रॉक यांच्या लक्षात एक गोष्ट आली. बँडची बहुतेक गाणी एकाच 'ई' स्वरावर बांधलेली होती. 'सॅड बट ट्रू'साठी त्यांनी गिटारच्या तारा एका पूर्ण स्वराने उतरवायला सांगितल्या. गाणं एकदम वजनदार झालं! आधीच्या, १९८८ च्या अल्बममध्ये बास गिटार जवळपास ऐकूच येत नाही. रॉक यांनी ती पुढे आणली, चौघांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं. १९९१ मध्ये आलेला हा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटींहून जास्त खपला.

वादक तेच होते, वाद्यंही तीच. तरी जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना हा बँड ओळखू येईना, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. निर्माता आवाज बदलतो तेव्हा काहीतरी हातचं जातंच. पण बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' हे गाणं निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी संथ लयीतच राहू दिलं असतं, तर १९६३ सालचा तो धडाका उडाला नसता. लय वाढवा, एवढंच त्यांचं सांगणं होतं.

असा कान मराठी माणसाकडेही होता, आणि तोही विदर्भातल्या. जी. एन. जोशी यांनी तीसच्या दशकात मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गायली आणि मराठी भावगीताला वाट मिळाली. पुढे ते एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहू लागले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डचे निर्माते तेच. शिवकुमार शर्मा यांचं संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. तिघेही तेव्हा तिशीच्या आतबाहेरचे. संतूर आणि गिटार शास्त्रीय मैफलीत अजून पुरती रुळलेली नव्हती. या तिघांना काश्मीरमधल्या एका मेंढपाळाच्या दिवसाची गोष्ट दिली गेली: पहाटेला अहिर भैरव, रात्र चढेल तसा देस, पहाडी. आपला राग सविस्तर मांडण्याची सवय असलेल्या वादकांना इथे एकमेकांसाठी जागा सोडावी लागली. रॉक बँड म्हणजे तरी दुसरं काय असतं?

या रेकॉर्डचं नाव निघालं, की तीन वादक सगळ्यांना आठवतात. जोशी क्वचितच. हे बरं नाही.

आज वाशिम जिल्ह्यातल्या कामरगावसारख्या गावातही मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करून संध्याकाळपर्यंत जगापुढे ठेवता येतं. यंत्र स्वस्त झालं, ही मोठी गोष्ट आहे. पैसा मात्र जातो व्हिडिओवर आणि साउंडवर. ढोलकीखाली शब्द दबले, कडवं एक जास्त झालं, हे सांगणारा कोणी नसतो. मित्र 'भारी!' म्हणतात आणि गाणं अपलोड होतं. असा कान मिळायला मुंबईचा स्टुडिओच लागतो असं नाही. गावच्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं पेटी वाजवलेला जाणता माणूस हेडफोन लावून बसला, तरी निम्मं काम होईल. अट एकच, त्याने 'थांबा' म्हटल्यावर पोरांनी थांबायला हवं, आणि गाण्याखाली त्याचंही नाव यायला हवं.